बटाटे सोलणारं सरकार

सॉरेल फ्लॅट्स हे गाव नाही. दिसायला आहे. धान्याचं उंच कोठार आहे, एकाआड एक रविवारी उघडणारं चर्च आहे, लग्नाकार्याचा हॉल आहे, आणि भोवती गहू, मग सूर्यफूल, मग पुन्हा गहू. पण सरकारदरबारी आम्ही गाव नाही. महापौर नाही, नगरपालिका नाही. "आपलं स्वागत असो" अशी एक पाटी होती, ती वाऱ्यानं नेली. ती परत कुणी लावायची हे ठरवायला माणूस नाही, म्हणून वाराच आता येणाऱ्यांचं स्वागत करतो. लहानपणी दोरीवरच्या उड्या मारताना आम्ही मुली म्हणायचो,

वारा आला पश्चिमेचा, वारा गेला पूर्वेला,
मधल्यामध्ये आम्ही उभ्या, सांगायचं कुणाला?

तो प्रश्न गेल्या जूनमध्ये लाव्हॉन ब्रेखुसच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि उठायला तयार होईना.

लाव्हॉन माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे मध्ये दोन शेतं. तिनं धुणं वाळत घातलं की मला रंग दिसतात, कपडे ओळखू येत नाहीत. तिच्या एकुलत्या एका लेकीचं, डॅग्नीचं, शनिवारी हॉलमध्ये लग्न होतं. मुलगा शहरातला, प्रेस्टन नावाचा, गाईला घाबरणारा पण मनानं चांगला.

लाव्हॉनच्या माहेरची एक रीत होती. लग्नाला केक नसतो, बदामाच्या कड्यांचा मनोरा असतो. खाली परातीएवढं कडं, वर बांगडीएवढं, मध्ये उतरत्या मापाची बाकीची, साखरेच्या पाकानं एकावर एक चिकटवलेली. तो नवरीच्या आईनं आपल्या घरी रचायचा, आणि तो घरून उभा निघून मांडवात उभाच पोचायचा. लाव्हॉनच्या आईनं केलेला पोचला होता. आजीचा तर बर्फावरून घोड्याच्या घसरगाडीत बसून पोचला होता. "कडी सुटी नेऊ आणि हॉलमध्ये रचू," असं मी एकदा बोलले, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी नवरीला रस्त्यात कपडे चढवायला सांगितलं.

त्यात विहीणबाईंचा, मिसेस पेटिग्रूंचा, फोन आला. "लाव्हॉन, तुम्ही कशाला इतका त्रास घेता? आमच्या इथल्या दुकानातून केक आणते की मी. छान चौकोनी असतो. खोक्यातून येतो."

फोन ठेवल्यावर लाव्हॉन बराच वेळ ओटा पुसत राहिली. "चौकोनी," ती माझ्याकडं वळून म्हणाली. "थोरा, माझ्या डॅग्नीच्या लग्नात चौकोनी!"

अडचण मनोऱ्याची नव्हती, रस्त्याची होती. लाव्हॉनच्या अंगणापासून मोठ्या सडकेपर्यंत मैलभर मातीचा रस्ता आहे, आणि दोन उन्हाळे त्याच्यावरून ग्रेडर फिरला नव्हता. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांब पातं असलेलं ते पिवळं यंत्र. ते मातीचे उंचवटे खरवडून काढतं. ते फिरलं नाही तर रस्त्याचा पन्हाळी पत्रा होतो. आमच्या या पत्र्यावरून गाडी गेली की दात वाजायचे, आरसे गळायचे, आणि लाव्हॉनच्या कोंबड्यांची अंडी सडकेपर्यंत आपोआप फेटली जायची.

मंगळवारी आम्ही रंगीत तालीम केली. तिनं सरावाचा मनोरा रचला, माझ्या पिकअपच्या मागं गादीवर ठेवला, वर आपली उन्हाळी टोपी घातली. मी इतकी हळू चालवली की एक गोगलगाय आम्हाला कंटाळली असती. सडकेवर उतरून मागं पाहिलं, तर गादीवर बदामाचा ढीग होता आणि त्या ढिगावर टोपी, जरा तिरकी.

आम्ही तो चुरा कॉफीबरोबर खाल्ला. चव अशी होती की रडावं. लाव्हॉन रडलीच.

"रस्ता नीट करायला सांगू," मी म्हटलं.

"कुणाला?"

बुधवारी सकाळी आम्ही त्या "कुणाला"च्या मागे लागलो. लाव्हॉन फोनपाशी, मी संगणकापाशी, आणि तिचा नवरा आर्लो कोपऱ्यातल्या स्टुलावर बटाटे सोलत. लग्नासाठी बटाट्याच्या पोळ्या लाटायच्या होत्या, म्हणून पोतंभर बटाटे होते. आर्लो कमी बोलणारा माणूस. लग्नाच्या वेळी पाद्रीनं विचारलं तेव्हासुद्धा त्यानं मान हलवली होती, आणि पाद्रीनं समजूतदारपणे ते चालवून घेतलं होतं.

पहिला फोन लुंडे शहराला. आमच्या पत्त्यात लुंडे लिहिलेलं असतं, म्हणून.

"पत्ता आमचा आहे मॅडम," तिकडचा माणूस म्हणाला, "पण तुम्ही आमच्या नाही. तुमचं टपाल आमच्याकडून येतं, तेवढंच."

दुसरा फोन राज्याच्या सडक खात्याला.

"डांबर आहे का त्याच्यावर?"

"नाही."

"मग तो आमचा नाही. डांबर लागलं की आमचा."

"अहो भाऊ, डांबर असतं तर मी तुम्हाला कशाला उठवलं असतं?"

मग माझ्या संगणकानं दिवा लावला. "सॉरेल फ्लॅट्स, रस्ते दुरुस्ती" असं घातलं आणि नंबरच मिळाला. तिथली बाई मधासारखी गोड. सगळं ऐकलं, लग्नाचं ऐकलं, चौकोनी केकचं ऐकून तर "अगं बाई!" म्हणाली. "तुम्ही निश्चिंत राहा. दुपारपर्यंत माणूस पाठवते."

लाव्हॉननं माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवलं. आर्लोनं पाय आवरते घेतले.

दुपारी तिचाच फोन आला. "झालं बरं का! रस्ता अगदी गालासारखा गुळगुळीत."

लाव्हॉननं खिडकीतून पाहिलं. बाहेर पन्हाळी पत्रा उन्हात चमकत होता. "कुठला रस्ता, बाई?"

"तोच की. डाव्या हाताला समुद्र आणि उजवीकडं मेंढ्या."

आमच्यापासून समुद्र इतका लांब की आमच्यातल्या निम्म्यांनी तो पाहिलेला नाही. देशाच्या पार पश्चिम टोकाला आणखी एक सॉरेल फ्लॅट्स निघालं. बाईनं कौतुकानं फोटोही पाठवला. रस्ता खरंच देखणा होता. त्याच्या कडेला एक म्हातारी दोन्ही हात वर करून हसत उभी होती. लाव्हॉन त्या फोटोकडं पाहत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "तिच्याही घरी काहीतरी कार्य असेल."

शेवटचा फोन काउंटीला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कचेरीला. तिथली बाई वयस्क होती आणि सगळ्यांना बाळ म्हणायची.

"हे बघ बाळा," ती म्हणाली. लाव्हॉननं फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. "ग्रेडर आमचा, आमचा वर्लिन स्टॅडम चालवतो. पण तो मैल आमचा नाही. तो तुमच्या भागाच्या मंडळाचा. मंडळानं शब्द टाकला तरच वर्लिन तिथं पातं टेकवू शकतो. तुमच्या सभासदांना जाऊन भेट."

"मंडळ? आम्हाला मंडळ आहे?"

"असतं की. तीन जणांचं. तुमच्यातले एक वारले. एक ॲरिझोनाला ऊन खायला गेले ते आलेच नाहीत. राहिले ते आर्लो ब्रेखुस. सज्जन गृहस्थ आहेत म्हणे. ओळखतेस का तू त्यांना?"

आर्लोच्या सुरीवरून बटाट्याची साल लोंबत होती, ती अर्ध्यात थांबली.

सरकार सापडलं होतं. ते स्टुलावर बसून बटाटे सोलत होतं.

"थोडीफार ओळख आहे," लाव्हॉन फोनमध्ये म्हणाली आणि फोन ठेवला.

"मी?" आर्लो म्हणाला.

मी त्याला समजावलं, कारण मार्चमधल्या वार्षिक सभेला मी जाते; रस्ता त्या मंडळाच्या हातात असतो हे मात्र मलाही आत्ताच कळलं होतं. ती सभा हॉलमध्ये भरते, आणि सगळे जण तिथं जातात ते एकाच भीतीनं: जो येत नाही, त्याला निवडून देतात. पद मिळतं ते गैरहजेरीबद्दल. आर्लोच्या गाई मार्चमध्ये वितात, त्यामुळं तो कधीच आला नाही, आणि दर वर्षी टाळ्यांच्या गजरात निवडून आला.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

आर्लोनं सुरी खाली ठेवली. "काउंटीकडून दर नाताळात कार्ड येतं," तो म्हणाला. "मला वाटलं सगळ्यांना येतं."

लाव्हॉन कमरेवर हात ठेवून उभी होती. "इतकी वर्षं मी सरकारच्या नावानं बोटं मोडतेय," ती म्हणाली, "आणि सरकार माझ्याच हातचं जेवतंय! रात्री माझीच गोधडी ओढतंय! ऊठ. जा. वर्लिनला हुकूम सोड."

आर्लो गुरुवारी सकाळी कोठारावर गेला. तिथं कॉफीचं टेबल आहे, आणि वर्लिन त्याच टेबलावर रोज बसतो; गेली कित्येक वर्षं आर्लोच्या समोरच्याच खुर्चीवर. दुपार टळली तेव्हा आर्लो परतला.

"बोललास?"

"बोललो."

"काय म्हणाला?"

"ओट्स यंदा बरे आहेत म्हणाला."

"आणि रस्ता?"

आर्लोनं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "रस्त्याचा विषय एकदम कसा काढायचा?"

यात त्याचा दोष नव्हता. आमच्याकडं तोंडावर काही मागणं म्हणजे चिखलाच्या बुटांनी कुणाच्या पलंगावर चढणं. आम्ही आधी हवेचं बोलतो, मग पिकाचं, मग तब्येतीचं, आणि तोवर घरी जायची वेळ होते. देशाच्या दुसऱ्या टोकाला फोन करणं परवडतं. तिकडच्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

पण शुक्रवारी लाव्हॉनच्या अंगात आलं. तिनं आर्लोला पिकअपमध्ये खिडकीशी बसवलं, मला मध्ये कोंबलं, आणि आमचा मैल खडखडत ओलांडून ती वर्लिनच्या शोधात निघाली. तो उत्तरेच्या मोठ्या मातीच्या रस्त्यावर सापडला. पिवळं यंत्र गव्हाच्या मधून असं संथ चाललं होतं, जणू एखादी पोटुशी गाय घरी निघालीय. लाव्हॉननं पिकअप त्याच्यापुढं आडवी घातली.

यंत्र थांबलं. वर्लिन शिडीवरून उतरला. दारातून वाकून जावं लागेल एवढा माणूस, पण लाजाळू इतका की कान आधी लाल होतात, स्वतःचं नाव नंतर आठवतं.

"हवा बरी आहे," तो म्हणाला.

"हवा गेली खड्ड्यात!" लाव्हॉन म्हणाली. माझ्या बाजूला आर्लोनं डोळे मिटले. "वर्लिन, दोन उन्हाळे तू आमच्या कोपऱ्यापर्यंत येतोस आणि वळून जातोस. का?"

वर्लिन बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. मातीवर त्याचं प्रेम होतं, ते दिसत होतं. मग तो खाली बघूनच बोलला.

"मी तुमची टपालपेटी पाडली होती."

"पाडलीस आणि नवी लावूनही दिलीस. मग?"

"त्या गडबडीत रस्ता राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी तो करायला येत होतो, तर तू समोरून आलीस. मी बोट उचललं." त्यानं ते बोट आताही उचलून दाखवलं. "तू नाही उचललंस."

आमच्याकडं समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. ओळखीचा असला तरी, परका असला तरी. भांडण असलं तरी उचलतात, फक्त जरा उशिरानं. बोट न उचलणं म्हणजे... ते कुणी कधी केलेलंच नाही, त्यामुळं त्याचा अर्थही कुणी ठरवलेला नाही. वर्लिननं बिचाऱ्यानं आपल्या परीनं ठरवला होता.

"मला वाटलं, तुला मी तुझ्या रस्त्यावर नकोय," तो म्हणाला. "मग कोपरा आला की माझं यंत्र आपोआप वळायचं."

"अरे देवा," लाव्हॉन म्हणाली. "अरे वर्लिन, मी बोट कसं उचलू? एका हातात खुडूक कोंबडी होती, आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंग नुसतं गच्च धरलं होतं! तो रस्ता असा उडवत होता की एक बोट सोडलं असतं तर मी, कोंबडी आणि गाडी, तिघी खंदकात!"

वर्लिननं मान वर केली. "रस्ता एवढा खराब होता?"

"होता!"

"म्हणजे मी रस्ता केला नाही म्हणून तू बोट उचललं नाहीस."

"हो!"

"आणि तू बोट उचललं नाहीस म्हणून मी रस्ता केला नाही."

"हो रे बाबा, हो!"

वर्लिननं ते दोन बोटांवर मोजून पाहिलं. गव्हातून वारा गेला, एक चंडोल कुंपणाच्या तारेवर बसून गायला लागला, आणि वर्लिनच्या चेहऱ्यावर सावकाश, एखाद्या शेतावरून ढगाची सावली सरकावी तसं, हसू सरकलं.

"मग उद्या पहाटे येतो," तो म्हणाला. लगेच त्याचा चेहरा पडला. "पण मंडळाचा शब्द लागेल. नियम आहे."

"मंडळ गाडीत बसलंय," लाव्हॉन म्हणाली.

आम्ही दोघी आर्लोकडं वळलो. वर्लिननंही टोपी काढली आणि खिडकीपाशी आला. आर्लो गव्हाकडं पाहत होता. मग गुडघ्याकडं. मग पुन्हा गव्हाकडं. त्याच्या कारकिर्दीतला हा पहिला निर्णय होता आणि तो त्याला घाईनं घ्यायचा नव्हता.

"हं," तो म्हणाला.

"एकमतानं," मी म्हटलं.

"आणि संध्याकाळी लग्नाला ये," लाव्हॉन वर्लिनला म्हणाली. "चांगला शर्ट घालून ये."

त्यानं ते जरा जास्तच मनावर घेतलं. शनिवारी पहाटे ग्रेडर लाव्हॉनच्या कोपऱ्यावर आला तेव्हा वर्लिन वर पांढरा शर्ट आणि निळा टाय घालून बसला होता. दिवसभर तो त्या मैलावर इकडून तिकडं फिरला. मातीचे वळ उलगडत गेले, खड्डे भरत गेले. एखाद्या आईनं झोपलेल्या लेकराच्या कपाळावरच्या आठ्या अंगठ्यानं पुसाव्यात, तसं तो पातं फिरवत होता. तरी लाव्हॉनचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी गेले तेव्हा ती शेवटचं कडं बसवत होती.

"सैल खडे राहिले असतील," ती म्हणाली. "थोरा, मला त्या रस्त्याचा भरवसा नाही."

"मग पाक जरा जास्त लाव," मी म्हटलं.

तिनं लावला.

वर्लिननंच मग तोडगा काढला. तो म्हणाला, मी पुढं चालतो, तुम्ही माझ्या मागोमाग या. पात्यामागची माती ताजी असते, तेवढी मऊ पुन्हा मिळायची नाही. तशी आमची वरात निघाली. पुढं पिवळं यंत्र, त्याच्या मागं माझी पिकअप, पिकअपच्या मागच्या हौद्यात गवताच्या गठ्ठ्यावर बसलेली लाव्हॉन, तिच्या मांडीवर मनोरा, आणि मनोऱ्याला वारा लागू नये म्हणून पलंगपोस दोन्ही हातांनी ताणून उभं राहिलेलं आमचं सरकार. कुंपणापलीकडं गाई रांगेनं उभ्या राहून बघत होत्या. मी आरशात पाहत होते. मनोरा डुलला नाही, कलला नाही. कोपऱ्यावर यंत्र जरा अडखळलं, आणि मग सरळ सडकेला लागलं.

हॉलच्या दारात मिसेस पेटिग्रू उभ्या होत्या. त्यांच्या हातात खोकं होतं. आणलंच होतं त्यांनी.

लाव्हॉन मनोरा घेऊन आली तशी लोकांनी वाट दिली. अठरा कडी, वर कागदी झेंडे, उतरत्या उन्हात पांढऱ्या पाकाच्या नक्षीला सोनं चढलेलं. मिसेस पेटिग्रूंनी खालून वर पाहिलं. मग त्यांनी खोकं हळूच कोटांच्या खुंटीखाली ठेवलं आणि त्याच्यावर आपली शाल टाकली.

आता या मनोऱ्याचा एक खेळ असतो. नवरानवरीनं मिळून वरचं कडं उचलायचं. त्याच्यासकट जितकी कडी चिकटून वर येतील, तितकी मुलं होणार. बहुतेकांना दोन येतात, कधी तीन. मग सगळे शिट्ट्या मारतात.

डॅग्नी आणि प्रेस्टननं वरचं कडं धरलं आणि उचललं.

अख्खा मनोरा उचलला गेला. खालच्या परातीएवढ्या कड्यासकट. मनोऱ्याखालची परातही जराशी वर आली आणि मग सुटून टेबलावर घणघणली. लाव्हॉननं भीतीपोटी लावलेला पाक दगड होऊन बसला होता.

हॉलमध्ये कुणी शिट्टी मारली नाही. प्रेस्टन हातात मनोरा धरून ओठांतल्या ओठांत कडी मोजत होता, आणि जसजसा खाली जात होता तसतसा पांढरा पडत होता. डॅग्नीनं मनोऱ्याला एक झटका देऊन पाहिला. काही सुटलं नाही. आर्लोनं ओढून पाहिलं. वर्लिननं ओढून पाहिलं, आणि मग तो न बोलता ग्रेडरमधला हातोडा आणायला गेला.

"अठरा?" मिसेस पेटिग्रूंनी कसंबसं विचारलं. "अहो लाव्हॉन, अठरा?"

लाव्हॉनचे गाल पेटले होते, डोळे भरले होते, आणि तिचा मनोरा, तिच्या आईसारखा, तिच्या आजीसारखा, उभाच होता; जरा जास्तच उभा होता.

"येऊ देत की," ती म्हणाली. "रस्ता आता चांगला झालाय."